वाघ मागं, माणसं पुढं

त्या रविवारी येडशीच्या जंगलात आम्ही तिघंच होतो. एक मी, दुसरा तिथला तरुण वनरक्षक आणि तिसऱ्या पायथ्याच्या गावातल्या मावशी. मावशी गावच्या वनसमितीच्या अध्यक्ष. मी धाराशिवला शाळेत भूगोल शिकवते. सुट्टीच्या दिवशी आमचा शहरातला गट इथं कामाला यायचा. पाणवठ्यातला गाळ काढायचा, वाटेवरचं प्लास्टिक गोळा करायचं, उन्हाळ्याआधी वणवा अडवायला गवताचे पट्टे कापायचे. कापलेलं गवत गावातली माणसं गुरांना न्यायची, त्याबदल्यात आगीवर लक्ष ठेवायची. गाव, वनखातं आणि आम्ही, असं मिळून बरं चाललं होतं.

मग विदर्भाकडून चालत चालत एक वाघ आमच्या डोंगरात आला आणि गट आटला. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचा गुडघा दुखायला लागला. भीती मलाही वाटत होती. पण मावशींचा फोन आला, "मॅडम, येताव नव्हं?" आणि माझ्या तोंडून व्हय निघून गेलं.

पाणवठा बघून यायचं, एवढंच काम होतं. वनरक्षक पुढं, मी मधे, मावशी मागं. मोठ्यानं बोलत चाला, असं त्यानं बजावलं होतं. मी काय बोलत होते ते मला आठवत नाही. पळसाचं वाळलं पान पायाखाली वाजलं तरी काळजात धस्स व्हायचं.

घाणेरीच्या झुडपांपाशी वनरक्षकानं एकदम हात वर केला. वाटेवरचं गवत आडवं झालं होतं, काहीतरी ओढत नेल्यासारखं. त्या टोकाला एक वासरू पडलं होतं. मागचा भाग खाल्लेला. रक्त अजून ओलं होतं.

वरच्या फांदीवर वानर खाकरलं. मग दुसरं. मग सगळी झाडंच ओरडायला लागली.

"पळायचं नाही," वनरक्षक पुटपुटला. "तोंड तिकडंच ठेवा. मागं मागं सरका."

मला वाघ दिसला नाही. दिसला असता तर कदाचित बरं झालं असतं. आता प्रत्येक झुडपात तोच होता. पाय उचलायला सांगावं आणि पायानं ऐकू नये, तसं झालं. मावशींनी मागून माझ्या साडीचा पदर मुठीत धरला आणि मला लहान लेकरासारखं ओढत ओढत खालच्या गाडीवाटेपर्यंत आणलं.

तिथं आल्यावर वाटलं, सुटलो. तेवढ्यात गावाकडून मोटारसायकली आल्या; वाघानं वासरू नेल्याची बातमी गावात आधीच पोचली होती. वासराचा मालक पुढं होता, हातात कुऱ्हाड. मागं पन्नासएक माणसं, कुणाकडं काठ्या, निम्म्यांच्या हातात मोबाइल. वनरक्षकानं साहेबांना फोन लावला. गाडी निघाली होती, पण यायला वेळ लागणार होता. आत जायच्या वाटा दोन आणि खात्याचा माणूस एक.

"मॅडम, ही वाट तुम्ही धरा," तो म्हणाला. "कुणाला आत सोडू नका." आणि तो दुसऱ्या वाटेकडं पळाला.

मावशी फोन कानाला लावून बाजूला गेल्या होत्या. मी एकटी उभी राहिले. पाठीमागं वाघ, समोर ती माणसं. खरं सांगते, त्या क्षणी मला माणसांचं जास्त भ्या वाटलं. एक जण जरी आत घुसला असता तर त्याचं काय झालं असतं हे मला दिसत होतं, आणि त्यानंतर वाघाचं काय झालं असतं, तेही.

"सरा बाजूला," मालक म्हणाला. "तुमच्या धाराशिवात वाघ न्हाय, म्हणून तुमाला त्याचं कौतुक. आमी रोज इथंच जगतो."

मी म्हणाले, "दादा, माझे पाय बघा कसे लटपटतायत. तो इथंच आहे. जाऊ नका."

कुणीतरी हसलं. दोन पोरं मला वळसा घालून निघालीच होती. तेवढ्यात बाजूच्या रानातनं तूर काढणाऱ्या बाया आल्या, हातात विळे तसेच. मावशींनी बोलावलं होतं त्यांना. त्या माझ्या शेजारी वाटेवर आडव्या बसल्या. त्यात मालकाची बायकोही होती.

"जा की," मावशी त्याला म्हणाल्या. "पर ह्या तुज्या बायकूला वलांडून जा."

तो बायकोकडं बघत राहिला. ती म्हणाली, "वासरू गेलं. तुमी बी गेल्यावर म्या काय करू?"

आणि तेव्हा मागच्या ओढ्यातनं वाघाच्या गुरगुरण्याचा आवाज आला. फार मोठा नव्हता. पण माझ्या छातीच्या फासळ्यांत तो मला हाताला लागावा तसा जाणवला. मोबाइल आपोआप खाली आले. गर्दी एक एक पाऊल मागं सरकली. मालक मात्र तिथंच मटकन बसला आणि रडायला लागला. गाय मेल्यावर तिचं ते वासरू त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. बायको उठून त्याच्याजवळ जाऊन बसली.

खात्याची गाडी आली, माणसं पांगली.

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. नंतर मावशींनी काम बदललं. जंगल राहू द्या, म्हणाल्या, तूर काढणाऱ्या बायांना सोबत लागती. मग आमच्या गटातले थोडे लोक परत आले. आम्ही पाळीनं बांधावर शिट्टी घेऊन उभे राहायचो, वनरक्षक ओढ्याच्या कडेनं फिरायचा आणि बाया घोळक्यानं काम करायच्या. वासराचा मालकही एकदा येऊन उभा राहिला. उन्हं कलायच्या आत सगळ्याजणी गावात पोचल्या की मगच आम्ही एसटी धरायचो. गाडी सुरू होईपर्यंत मी डोंगराच्या बाजूच्या खिडकीला बसत नसे.