लाल झेंडा आणि कुसुमताई लोणकर

कुसुमताई लोणकरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझे ओळखपत्र मागितले, ते वाचले, उलटून पाहिले आणि मग शाळेच्या कार्यालयात जाऊन आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावला. "अशा अशा वर्णनाचे एक गृहस्थ आमच्याकडे आलेत. तुमचेच का?" पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. ते यायला बराच वेळ लागला, हे मात्र कळले.

वास्तविक संशय घ्यायला मी गेलो होतो. त्या दिवसांत पुण्यात 'मोफत' या शब्दाची चलती होती. शाम्पूबरोबर कंगवा मोफत मिळे. मोफत संगणक-परिचयाला गेलेला माणूस हप्त्यांच्या कागदावर सही करूनच बाहेर पडे आणि मोफत जेवणाला गेलेले जोडपे थंड हवेच्या ठिकाणच्या कुठल्याशा खोलीतला वर्षाचा एक आठवडा विकत घेऊन परत येई. अशा काळात आमच्या कचेरीत एक पत्रक आले. हडपसरपलीकडे मांजरी गावाच्या बाजूच्या एका शाळेत मुलांसाठी मोफत नेमबाजी दिवस. एअर रायफल मोफत, छर्रे मोफत, शिकवणे मोफत, दुपारी पोहे. संपादक म्हणाले, "जमीन विकायची असेल, नाहीतर निवडणूक लढवायची असेल. जाऊन बघा." मी स्वारगेटला बस पकडली.

ताई तेव्हा मुलींच्या एका शाळेतून खेळाच्या शिक्षिका म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नोकरीत असताना एन.सी.सी.च्या मुलींना त्यांनी वर्षानुवर्षे नेमबाजी शिकवली होती. पत्र्याच्या शेडमध्ये एका टोकाला टेबले मांडलेली, टेबलांमागे चुन्याची पांढरी रेषा, समोरच्या टोकाला टार्गेटचे कागद. ओळखपत्राचा निकाल लागल्यावर मी सरळच विचारले, "यात तुमचं काय?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"जमीन. किंवा निवडणूक."

"आणखी?"

"रायफली विकायच्या असतील."

"आणखी?"

चौथा संशय मला सुचेना. ताईंनी कोपऱ्यातून काठीला बांधलेले लाल फडके आणले. "आज जमलेल्यांत सगळ्यांत संशयी तुम्ही दिसता. हा धरा. कुठं काही खटकलं की झेंडा वर करायचा आणि 'थांबा' म्हणून ओरडायचं. झेंडा वर गेला की सगळे थांबतात. मीसुद्धा. का, म्हणून नंतर विचारतात."

बातमी करायला गेलेला मी संध्याकाळपर्यंत झेंडा धरून उभा होतो. दुसऱ्या दिवशी कचेरीत सांगितले, की मांजरीला लाल झेंडा धरला, तेव्हा संपादकांनी ती बातमी कामगार चळवळीच्या पानावर टाकण्याची तयारी केली.

आता या ग्रंथाविषयी. ताई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत, म्हणून त्यांचे विद्यार्थी गौरवग्रंथाची परवानगी मागायला त्यांच्या हडपसरच्या घरी गेले, तेव्हा मीही होतो. ताई म्हणाल्या, "स्तुती छापायची तर छापा, मी वाचणार नाही. पण माझ्यामागं हा दिवस चालेल की नाही, ते कुणीतरी नीट तपासून लिहा. मला त्याची काळजी आहे." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हे लिहितील. यांचा कुणावर विश्वास नाही." माझ्याविषयी इतके चांगले आजवर कोणी बोललेले नाही. तेव्हा हा लेख म्हणजे एक तपासणी आहे आणि गौरव त्यात आलाच, तर तो आपल्या जबाबदारीवर आला आहे, असे समजावे.

ताईंच्या कामाची रीत एका वाक्यात सांगता येते: त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. पहिल्याच वर्षी पाहिलेला प्रसंग. ताईंनी रायफलची नळी खाली वाकवून उघडली, आत पाहिले, छर्रा नाही याची खात्री केली आणि रायफल एका मुलीच्या हातात दिली. मुलगी गोड हसून "थँक्यू" म्हणाली आणि तिने रायफल खांद्याला लावली. ताईंनी ती काढून घेतली.

"आत पाहिलंस?"

"तुम्ही आत्ताच पाहिलं ना, बाई."

"मी पाहिलं. मी म्हातारी आहे, मला चष्मा आहे. तू काय पाहिलंस?"

माझी विद्यार्थिदशा संस्कृत पाठशाळेत गेली. तिथे आम्हाला ज्ञानाची चार साधने शिकवली होती: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे. त्यातल्या शेवटच्या साधनावर आमच्या गुरुजींची संपूर्ण भिस्त होती. ताईंनी चारांपैकी तीन साधने चपलांसारखी शेडच्या दाराबाहेर काढून ठेवायला लावली. आत फक्त प्रत्यक्ष. रायफल हातात आली की नळी उघडायची आणि आपल्या डोळ्यांनी पाहायचे. देणारा कोणीही असो. समोरचे कागद बदलायला जायचे तर त्याआधी प्रत्येक मुलाने रायफल उघडून टेबलावर ठेवायची, मागे सरायचे आणि मोठ्याने "मोकळी!" म्हणायचे. शेवटची "मोकळी" ऐकू आल्याशिवाय रेषेच्या पुढे कोणीही पाऊल टाकायचे नाही. मुले हे पटकन शिकतात. पालकांना वेळ लागतो. आपल्या मुलाने मोठ्यांवर विश्वास ठेवू नये, हे त्यांना घरी परवडणारे नसते.

पुढे पुण्यात आयटी आले, उसाची शेते जाऊन तिथे बारा बारा मजली इमारती उभ्या राहिल्या आणि ताईंना नव्या जातीचे स्वयंसेवक मिळू लागले. त्यातला संदेश गावंडे हा अकोल्याकडचा मुलगा. ताईंनी त्याला विचारले, तुम्ही कंपनीत नक्की काय करता? तो म्हणाला, "टेस्टिंग, ताई. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा अन् तो कुठं बिघडते ते पाहायचं. त्यानं कितीही सांगितलं का चांगला हाय, तरी आपण मानायचं नाही."

"आणि याचा पगार देतात?"

"हो ना."

"मी उगीच शाळेत राहिले," ताई म्हणाल्या. त्या दिवसापासून सगळ्या रायफली संदेशच्या ताब्यात आहेत.

ताईंचा जिव्हाळाही याच वळणाने येतो. माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती. आदल्या संध्याकाळी ताई रुग्णालयात आल्या. फळे नाहीत, फुले नाहीत. आल्या आल्या म्हणाल्या, "कोणता गुडघा?" मी दाखवला. त्यांनी पर्समधून लाल पेन काढून त्यावर भलीमोठी फुली मारली. परिचारिका म्हणाली, "आजी, आम्ही खूण करतोच." ताई म्हणाल्या, "कराच. ही माझी." पुढे त्या भेटायला आल्या की न चुकता तो गुडघा आधी पाहत आणि मग माझ्याकडे. मला त्या फुलीचा किती आधार वाटला, हे मी त्यांना कधी सांगितले नाही. सांगितले असते, तर त्यांनी पुरावा मागितला असता.

मधल्या काळात हा दिवस बंद पडता पडता राहिला, ते श्री. नेने यांच्यामुळे. म्हणजे बंद पडत होता तोही त्यांच्यामुळे आणि राहिला तोही. नेने बँकेतून निवृत्त होऊन सदाशिव पेठेतून शाळेशेजारच्या नव्या इमारतीत राहायला आले आणि लवकरच सोसायटीचे सेक्रेटरी झाले. 'आमच्या भिंतीपलीकडे लहान मुलांकडून गोळीबार करवून घेतला जातो' अशी तक्रार त्यांनी शाळेच्या विश्वस्तांकडे केली. विश्वस्तांनी ताईंना कळवले, की नेन्यांचे समाधान झाले तरच पुढच्या वर्षी शेड मिळेल. नेन्यांचे समाधान ही गोष्ट त्यांच्या सौभाग्यवतींनीही कधी पाहिलेली नाही, हे आम्हाला नंतर समजले.

त्या वर्षीच्या नेमबाजी दिवशी नेने छत्री घेऊन आले. पावसाचे दिवस नव्हते.

"मुलांच्या हातात बंदुका देता, आणि वर फुकट?"

"हो."

"मला हे संशयास्पद वाटतं."

"वाटायलाच हवं," ताई म्हणाल्या आणि इतकी वर्षे माझ्या हातात असलेला झेंडा काढून त्यांनी नेन्यांच्या हातात दिला. माझी रवानगी पोह्यांकडे झाली. ही बढती आहे, असे मला सांगण्यात आले.

नेन्यांनी त्या दिवशी झेंडा किती वेळा वर केला, त्याला गणती नाही. एका मुलाच्या बुटाची नाडी सुटली, झेंडा. एक आई मोबाइलवर फोटो काढायला रेषेवर आली, झेंडा. मैदानाच्या पार टोकाला कुत्रे दिसले, झेंडा. दर वेळी सगळ्यांनी रायफली उघडायच्या, ठेवायच्या, मागे सरायचे. संदेश वैतागला.

"ताई, हा माणूस एक राउंड पुरा होऊ देत नाही. काढून घ्या ना झेंडा."

"कोणता झेंडा चुकीचा होता, सांग."

"कुत्रं, ताई! कुत्रं!"

"कुत्र्याला छर्रा लागत नाही का?"

संध्याकाळी विश्वस्त आले. "काय नेने, मग पुढच्या वर्षीपासून बंद ना?"

नेन्यांनी चमत्कारिक नजरेने त्यांच्याकडे पाहिले. "बंद करा असं मी कुठं म्हणालो? मी तक्रार केलीय. ती कायम आहे. पुढच्या वर्षी मी लवकर येतो. ती चुन्याची रेषा वाकडी आहे."

तक्रार आजही कायम आहे. रेषा सरळ झाली आहे.

आता मूळ प्रश्न. ताईंची काळजी मला सुरुवातीला नम्रतेची वाटली आणि नम्रतेवर माझा फारसा विश्वास नाही. पण त्यांचे म्हणणे वेगळेच होते. एकदा घरी चहा घेताना त्या म्हणाल्या, "लोकांचा माझ्यावर विश्वास बसत चाललाय हो. ताई आहेत म्हणजे ठीकच असेल, असं म्हणायला लागलेत. असं झालं की कुणी आत बघत नाही. मग एक दिवस काहीतरी होईल, आणि त्यात कुणाचं तरी पोर असेल."

याचे उत्तर मला मागच्या वर्षीच्या नेमबाजी दिवशी मिळाले. कागद बदलायची वेळ झाली होती. टेबलाटेबलावरून "मोकळी, मोकळी" असे आवाज येत होते. शेवटच्या टेबलावर तेजश्री होती, ताईंनी लहानपणापासून घडवलेली, त्यांची सर्वांत आवडती विद्यार्थिनी. ती अजून रायफलपाशीच वाकलेली होती. ताई नवे कागद हातात घेऊन रेषा ओलांडून चालू लागल्या.

"थांबा!"

झेंडा वर गेला होता. ताई आमच्याकडे पाठ करून, टार्गेटकडे तोंड करून होत्या तिथेच उभ्या राहिल्या. त्या क्षणी आम्ही सगळे नेन्यांकडे ज्या नजरेने पाहत होतो, ती नजर सभ्य नव्हती. नेन्यांनी झेंडा खाली घेतला नाही.

तेजश्रीने रायफल ठेवली, मागे सरली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "मोकळी. ताई, मोकळीच होती."

ताई वळल्या आणि रेषेच्या मागे आल्या. "नेने, का थांबवलंत?"

"तेजश्रीनं मोकळी म्हटलं नव्हतं."

"तिची मोकळीच असते."

"असते," नेने म्हणाले. "पण म्हटलं नव्हतं."

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "बरोबर," त्या म्हणाल्या. "मी तिच्यावर विश्वास ठेवला." मग त्यांनी हातातले कागद संदेशकडे दिले आणि त्या पालकांच्या बाकावर जाऊन बसल्या.

चहाच्या वेळी नेने माझ्याजवळ आले. "ताईंना लागलं असेल का हो?" मी म्हटले, विचारून पाहा. "छे," ते म्हणाले, "घरीसुद्धा सांगणार नाही मी हे."

दुपारी पुन्हा नेमबाजी सुरू झाली. थोड्या वेळाने बाकावरून ताईंचा आवाज आला, "अरे, त्या निळ्या फ्रॉकवालीचं कोपर—"

संदेशने वळूनही पाहिले नाही. "ताई, बाकावरून सूचना नाही."

ताईंनी हात बांधून घेतले. शेजारी पहिल्यांदाच आलेली एक तरुण आई होती. ताई कोण, हे तिला ठाऊक नव्हते. ती खाली वाकून हळूच म्हणाली, "काकू, सगळं मोफत आहे म्हणतात. यांचं यात काय असेल हो?"

"मलाही तीच शंका आहे," ताई म्हणाल्या. "तुम्ही नीट लक्ष ठेवा. आणि पुढच्या वर्षी जरा लवकर या."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते, असे मला वाटले. पण हे अनुमान झाले आणि अनुमान आम्हाला चालत नाही. प्रत्यक्ष पाहिले ते एवढेच: ताई बाकावर हात बांधून बसल्या होत्या आणि शेड त्यांच्यावाचून चालू होते. तेव्हा ताई, तुम्ही नेमून दिलेली तपासणी पुरी झाली. चालेल.

गौरवलेखाच्या शेवटी शतायुषी व्हा असे लिहायचे असते. पण तसे लिहिले तर ताई विचारणार, कुणी तपासलंय? म्हणून जेवढे आपल्या हातात आहे तेवढेच मागतो. ताईंनी डोळ्यांची तपासणी करून घ्यावी, गुडघे सांभाळावेत, सकाळचे फिरणे सोडू नये आणि पुढची पुष्कळ वर्षे, दर वर्षी त्या बाकावर येऊन आमच्याकडे संशयाने पाहत बसावे. मधेच उठून रेषा ओलांडू नये. नेने उभे आहेत. ती तरुण आईही यंदा लवकर येणार आहे. ताई, आमचे तुमच्यावर नीट लक्ष आहे.