बुडालेल्या गावाचा रस्ता

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरलं की आमच्या बुडालेल्या गावाची जमीन जिभेसारखी लांबच लांब वर येते. तिन्ही बाजूंना पाणी. फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांच्या पायांनी अलीकडे काठाकाठाने पायवाट पडली आहे. वडिलांना पक्ष्यांचं काडीचं कौतुक नाही. ते जातात ते घराच्या जागेवर नारळ फोडायला.

गेल्या वर्षी मी मुद्दाम सोबत गेले. वडील विसरायला लागले होते. आपण जेवलो की नाही, माझ्या मुलीचं नाव काय. सोलापुरात, त्यांना डॉक्टरला दाखवू म्हणणाऱ्या भावाला मी ठणकावलं होतं, "गावातलं घर न् घर त्यांना पाठ आहे. गाव आठवतंय तोवर त्यांना काही झालेलं नाही." खरं तर धीर मलाच हवा होता.

केम स्टेशनला उतरून जीपने पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. वारा पडलेला, पाण्याला सडका वास. फ्लेमिंगो चरत नव्हते, सगळे माना वर करून उभे. मला ते बरं वाटलं नाही. पायवाट वळसा घेत होती, वडील मात्र सरळ आत निघाले.

"अण्णा, वाट इकडून आहे."

"ती पावण्यांची. गावाचा रस्ता ह्यो हाय की. हितं चावडी, तितं लोहाराचा भाता, म्होरं आपलं घर."

दर वर्षी सांगतात तसंच, शब्दन् शब्द. मी खूश होऊन मागे चालू लागले. वाळलेल्या गाळावर शेळ्यांचे, बगळ्यांचे ठसे होते. पुढे ते संपले. माझ्या ते लक्षात आलं, तरी मी बोलले नाही. त्याबद्दल माझा स्वतःवरचा राग अजून जात नाही.

वडिलांचा एक पाय गाळात रुतला, मग दुसरा, आणि बघता बघता ते छातीपर्यंत आत. मी पालथी पडून ओढणी फेकली, ती फाटली. जाळी आवरणारा एक मासेमार थर्मोकोलचा तराफा घेऊन धावत आला आणि त्यावर आडवं पडून त्याने त्यांना काखेत धरून ओढून काढलं.

"हितं कशाला आला वो आजोबा? जुनी हीर हाय ही. वरनं वाळलीया, आत नुसता गाळ."

"कुनाची हीर?" वडिलांनी विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. वडील बराच वेळ इकडे तिकडे बघत राहिले.

"आमचीच की," ते म्हणाले. "बाच्या संगं मी खांदली हुती."

"विहीर बुजलीय अण्णा, कशी ओळखू येणार?"

त्यांनी ऐकलं नाही. आजवर कुणाचा आधार न घेतलेल्या माणसाने चिखलाचा हात माझ्यापुढे केला.

"धर. आन् आता मला एकट्याला कुटं सोडू नगंस."