बैलाला अहो म्हणणारे व्याही

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून जे काम केलं ते गोचिडी काढायचं. झांबिया नावाचा देश आहे, आफ्रिकेच्या पार खालच्या अंगाला. तिथल्या एका खेड्यात, बाभळीसारख्या झाडाखाली बैल बांधलेला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझे व्याही. मी कानातल्या गोचिडी काढत होतो, ते शेपटीखालच्या. काढली की रॉकेलच्या डबड्यात टाकायची. बैलानं मला एक लाथ घातली आणि मी त्याच्या आईचा उद्धार केला. व्याही पलीकडून म्हणाले, "इवाई, तोंड सांभाळा. मामलेदारसाहेब हायेत ते." बैलाचं नाव मामलेदार, कारण तो ऊन वर येईस्तोवर काम करायचा नाही. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. बैलाला अहो आणि माणसाला अरे म्हणणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो माझ्याच नशिबी इवाई म्हणून आला. मला एकट्याला तेवढं ते 'तुम्ही' म्हणायचे, तेही नात्याची लाज म्हणून.

त्यांचं गाव दौलताबाद, किल्ल्याच्या पायथ्याला. माझं घर चिकलठाण्याला. मी चौथी शिकलेला, कारखान्याच्या गेटवर जन्म काढला. पोलीस ॲक्शन झाली त्या साली आम्ही दोघंही पाळण्यात होतो, म्हणजे वयानं सारखेच. माझ्या मुलीला बघायला आले तेव्हा सगळे पाव्हणे बैठकीत बसले आणि हे सरळ मागच्या दारी, माझ्या म्हशीपाशी. तिच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "काय म्हणता बाई, बरं हाय ना?" म्हैस उभी राहिली, बुजली नाही. तसे आत आले आणि म्हणाले, "अरे, पोरगी कशाला सजवता? म्हैस बघितली मी. ज्या घरची म्हैस परक्याला बुजत नाय, त्या घरात मारझोड नसती. आमची पसंती हाय." माझी बायको पुढं आयुष्यभर म्हणायची की आपल्या पोरीचं लग्न म्हशीनं जमवलं. तिला ते व्याही लई आवडायचे. एवढंच की ते आले की त्यांच्या बैलालाही ताट वाढावं लागायचं. बैलगाडीनं यायचे, भर जालना रोडवरून, आणि मागं ट्रकवाले हॉर्न मारून मारून मरायचे. हे वळून सांगायचे, "अरे, थांब की. यांना घाई आवडत नाय."

ती बायको दोन वर्षं खाटेवर होती आणि मग गेली. मी भाकरी करायला त्यातच शिकलो. ती गेल्यावर लोक आले, काय बोलायचं ते बोलले, गेले. व्याही आले ते राहिले. रोज सकाळी मी भिंतीकडं तोंड करून बसायचो आणि ते माझ्या बाजूला, त्याच भिंतीकडं तोंड करून बसायचे. एक दिवस म्हणाले, "इवाई, ही भिंत आता पाठ झाली. दुसरीकडं जाऊन बसू." मला वाटलं, दौलताबादला नेतील. नेलं झांबियाला.

झालं असं की शहरातल्या एका शेतीच्या संस्थेची माणसं त्यांचे बैल बघायला आली होती. तिकडं झांबियात मागं एक रोग आला, गोचिडीतून पसरणारा, आणि गावंच्या गावं गुरांवाचून ओस पडली. संस्थेनं आता पुन्हा गुरं दिलेली, पण मधल्या काळात बैल वळवणारी पिढीच संपली. गोऱ्ह्याला जू सवयीचं करून औताला लावायचं कुणी शिकवायला येतं का, पगार नाही, खाणंपिणं आणि प्रवास मिळेल, असं त्यांनी विचारलं. व्याही तिथल्या तिथं म्हणाले, "येतो. माझे इवाई बी येतील, त्यांना भाकरी येती." मला न विचारता. मी भांडलो. ते म्हणाले, "बरं, मग तुम्ही भिंत सांभाळा." मग काय, गेलो.

जायच्या आधी त्यांनी गुलमंडीवर जाऊन घुंगरमाळा घेतल्या, गोंडे घेतले, आणि स्वतःला एक सदराही नाही घेतला. विमानतळावर ती पिशवी छुमछुम वाजायला लागली. तपासणीवाल्यानं विचारलं, "ये क्या है, बाबा?" "बैल के दागिने है." "और बैल किधर है?" "अरे, वो उधरइच है. उनकूच मिलने चले ना." त्या माणसानं आपल्या सोबत्याला बोलावून पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. विमानात पोरगी विचारायला आली, काय खाणार. हे उलट तिलाच म्हणाले, "अगं लेकी, तू जेवलीस का?" ती बिचारी मराठी निघाली, तिच्या डोळ्यात पाणी आलं, आणि आम्हाला विमान उतरेपर्यंत दही पुरलं. आम्ही लिंगायत. मांसाला शिवत नाही. महादेवाच्या आधी नंदीला पाणी घालणारी आमची घरं. पुढं काय झालं ते कळायला हे ठाऊक पाहिजे, म्हणून सांगितलं.

त्या गावात एका विधवा म्हातारीच्या अंगणात आमची झोपडी. ती तिच्या तोंगा भाषेत बोलायची, व्याही मराठीत. दोघांचं तासन् तास चालायचं. तिथली रीत अशी की सकाळी समोर आलेल्या माणसाला आधी टाळ्या वाजवून विचारायचं, रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, गुरं कशी आहेत, आणि मग कामाचं बोलायचं. व्याही म्हणाले, "इवाई, शहाणी माणसं. आपल्याकडं गुरांचं कोण विचारतं?" गुरं शेवटी का विचारतात, एवढंच त्यांना खटकलं. त्यांनी आपल्यापुरता क्रम बदलला. गावच्या प्रमुखालाही टाळ्या वाजवून आधी गुरांचं विचारायचे, आणि तो मोठ्या पोटाचा, दांडग्या आवाजाचा माणूस हसून हसून खाली बसायचा. जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि भोपळ्याच्या पानांची भाजी. ज्वारी तिथं मिळाली तेव्हा मी भाकरी थापली. म्हातारीनं ती उलटीसुलटी करून बघितली आणि कुत्र्याला द्यावी की डोक्यावर ठेवावी असं तोंड केलं.

दोन गोऱ्हे वळवायला दिलेले. एकाचं नाव मामलेदार, दुसऱ्याचं पाव्हणं, कारण खायला पहिला. मारायचं नाही, काठीची आर टोचायची नाही, नुसतं बोलायचं. "मामलेदारसाहेब, जरा पाय उचलता का? लोक वाट बघतात." उन्हात उभं राहून गोऱ्ह्याची मनधरणी करणारा म्हातारा बघायला शेजारच्या गावची माणसं यायची. मी सावलीत बसून शिव्या द्यायचो, गोऱ्ह्यांनाही आणि व्याह्यांनाही. पोळा आला तेव्हा तर कहरच झाला. हरभऱ्याची डाळ नाही, तर तिथल्या कसल्या लाल शेंगदाण्याएवढ्या घेवड्याचं पुरण केलं. शिंगं रंगवली, घुंगरमाळा घातल्या, गावातून मिरवलं आणि सगळ्यांसमोर बैलांना आधी जेवू घातलं. गावाच्या प्रमुखानं विचारलं, आठवड्याच्या बाजाराला तिथं येणाऱ्या गुजराती दुकानदारानं ते आम्हाला हिंदीत सांगितलं, "काका, पूछते हैं कि तुम्हारे गाँव में बैल खाता है और आदमी हल खींचता है?" व्याही म्हणाले, "अरे, बोल उसकू, साल में एक दिन ऐसाच है." त्या दिवसापासून माणसं त्यांना बैलांचा बाप म्हणायला लागली.

मामलेदार असा तयार झाला की मीसुद्धा गप्प झालो. काळा, भरलेला, हाक मारली की मान वळवणारा. आसपासच्या गावांत तसा बैल नव्हता. दुर्दैव म्हणजे काय, ते यालाच म्हणायचं.

गोचिडी काढल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी जमीन ओली होती आणि म्हातारीच्या शेतात पहिल्यांदा खरं औत धरलं. व्याही पुढं गेले आणि पहिल्याच तासाच्या मध्यावर खाली बसले. तास म्हणजे नांगरानं पडलेली सरी. मला वाटलं, बैलाशी काही बोलणं चाललंय. बैल उभे, हे बसलेले. मी ओरडलो, "उठा की इवाई, उन्हं चढली." उठले नाहीत. जवळ गेलो तर कासरा हातात होता, माणूस नव्हता.

संस्थेच्या माणसानं जावयाला, म्हणजे त्यांच्या लेकाला, फोन लावून दिला. तो म्हणाला, "मामा, आप्पांना तिथंच ठेवा. जिथं बैल, तिथं त्यांचं घर." आमच्यात पुरतात, बसवून. विधी करणारा जंगम नाही, मंत्र मला येत नाहीत. मी खड्डा कसा पाहिजे ते मांडी घालून दाखवलं. खणणाऱ्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं आणि तसाच खणला. त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग त्यांच्या हातात दिलं, कपाळाला राख लावली. बेल नव्हता. म्हातारीनं कसली तरी पानं आणली, ती घातली. तीन गावांची माणसं बसली होती, बाया जमिनीवर पडून रडत होत्या. माझ्या बायकोसाठीही एवढी माणसं रडताना मी बघितली नव्हती.

मग गावच्या माणसांनी मामलेदाराला सोडून आणलं. मला आधी कळलंच नाही. दुकानदार आला होता, तोच माझ्या कानाशी लागला. "काका, इनका रिवाज है. बडा आदमी जाता है तो उसके साथ बैल जाता है. जो लोग आए हैं वो भूखे नहीं लौटते. आप घर के हो, आपके हाँ के बिना नहीं करेंगे."

मी उठलो आणि बैलाच्या मानेला हात घालून उभा राहिलो. "ये बैल नक्को. दूसरा कुछ भी करो. ये उसका बच्चा है."

प्रमुख पुढं आला. आज त्याचा आवाज दांडगा नव्हता. हळूच बोलला आणि दुकानदारानं सांगितलं. "बोलते हैं, मालूम है. इसीलिए ये. उसने इतना अच्छा जानवर बनाया, और हम उसको लंगडा, बूढा बैल देंगे? बकरी तो बच्चा मरता है तब कटती है. लोग बोलेंगे कि परदेस से एक आदमी आया, हमारे लिए मरा, और हमने उसे कुत्ते जैसा गाड दिया."

"हमारे में बैल भगवान है, भाई."

दुकानदारानं तेही सांगितलं. प्रमुखानं मान हलवली आणि म्हणाला, मग भगवानच त्याच्यासोबत जाऊ दे, एकटा कशाला पाठवता.

मी त्या बसलेल्या माणसांकडं बघितलं. त्यांच्याजवळ त्या बैलापेक्षा मोठं दुसरं काही नव्हतं आणि तोच ती देत होती. मी मामलेदाराच्या मानेवरून हात काढला. व्हय म्हणालो नाही. बाजूला झालो. इथं परत आल्यावर काहींनी मला तोंडावर सुनावलं. त्यांना सांगितलं, तुम्ही तिथं असता तर तुम्हीही बाजूलाच झाला असता, आणि नसता झाला तर तुम्ही माणूस नव्हे.

मी झोपडीच्या मागं जाऊन बसलो. दुसरीकडं पाव्हणं हंबरत होतं. संध्याकाळी सगळे जेवत असताना म्हातारी माझ्याकडं आली. ताटात मक्याचा गोळा आणि भोपळ्याची पानं, वेगळ्या भांड्यात शिजवलेली. माझ्यापुढं ठेवून ती तिथंच बसली, मी खाईपर्यंत. मी खाल्लं.

सकाळी उठलो तर अंगणात पाव्हण्याशेजारी एक तांबडा गोऱ्हा बांधलेला. प्रमुखानं आपल्या कळपातला आणून ठेवला होता, जोडी मोडू नये म्हणून. कधी जू न बघितलेला, डोळे पांढरे करून बघत होता. मी लहानपणी औत धरलं होतं, मधे सगळा जन्म गेटवर गेला. दोघांना घेऊन शेतात गेलो. जू ठेवलं तसा तांबडा खाली बसला. ओढला, बसला. शिव्या दिल्या, बसला. मग कासरा सैल सोडून मी उभा राहिलो. म्हातारी कुदळ घेऊन दुसऱ्या टोकाला लागली होती, तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ऊन वर आलं तेव्हा तांबडा आपणहून उठला. नांगर जिथं थांबला होता तिथंच अजून मातीत होता. मी मुठीवर हात ठेवला आणि तिथून पुढं तास धरलं. वाकडं गेलं. पण बांधापर्यंत गेलं.