हत्ती पुढे, घोडेस्वार मागे

हीथ्रोहून मिल्टन कीन्सला जाताना प्रत्येक राउंडअबाउटवर (रस्ते जिथे गोल फिरून फुटतात तो चौक) मला वाटत होतं, आपण मघाच्याच चौकात परत आलो. "आई, इथं सगळे असेच दिसतात," गाडी चालवत मंदार म्हणाला. मंदार आमचा मुलगा. तिथं सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसलेले हे म्हणाले, "अलेक्झांडरनंही अशीच एकसारखी शहरं वसवली. नाव मात्र सगळ्यांना स्वतःचं." मंदारनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

यांनी साताऱ्यात जन्मभर इतिहास शिकवला. त्यातला लाडका धडा अलेक्झांडर-पोरसच्या झेलमच्या लढाईचा. पुस्तकात काहीही छापलेलं असो, यांच्या वर्गात पोरसच जिंकायचा. पुरावा म्हणून हे फळ्यावर एक नाणं काढत: प्रचंड हत्ती आणि त्याच्यापुढे जीव मुठीत धरून पळणारा घोडेस्वार. खरं नाणं लंडनच्या म्युझियममध्ये आहे, असं यांना कुणीतरी सांगितलं होतं. लोक मुलाचा संसार बघायला विलायतेला येतात. हे नाणं बघायला आले होते.

मंदारला रजा नव्हती. त्यानं आम्हाला लंडनच्या ट्रेनमध्ये बसवून दिलं. बाहेर मऊ हिरवी कुरणं, मेंढ्या, कालव्यातल्या अरुंद लांबुळक्या बोटी. डब्यात इतकी शांतता, की पिशवीतली पुरी मोडायचीही चोरी.

म्युझियममध्ये सगळी गर्दी ममींपाशी. नाण्यांच्या दालनात फक्त दोन माणसं होती आणि ती भांडत होती. कोट घातलेले पिकल्या मिशांचे गृहस्थ ग्रीसचे. त्यांचं लंडनात मासे तळून विकायचं दुकान होतं. दुसरा तिशीतला, ग्रीसच्या शेजारच्या देशातल्या स्कोप्ये शहराचा, गवंडीकाम करणारा. तो म्हणत होता, "अलेक्झांडर आमचा. मी मॅसिडोनियाचा आहे."

"मॅसिडोनिया आमच्या ग्रीसचा प्रांत! त्या नावाचा देशच नाही!" ग्रीक आजोबा कडाडले.

"मग मी आलो कुठून?"

हे काचेला नाक लावून उभे होते. बराच वेळ हलेनात, म्हणून मीही वाकले. नाणं जुन्या रुपयाएवढं. हत्ती होता, घोडेस्वारही होता. पण पळत होता हत्ती. घोडेस्वार मागून भाला रोखून त्याच्या अंगावर चालला होता आणि हत्तीवरचा माणूस वळून त्याला थोपवू पाहत होता.

"अहो..." मी म्हटलं.

"दिसलं मला," हे हळूच म्हणाले.

तेवढ्यात ग्रीक आजोबांनी यांना गाठलं. "तुम्ही इंडियाचे ना? सांगा याला, अलेक्झांडर कुणाचा?"

"ज्याला हवा त्यानं घ्या," हे म्हणाले. "आमच्याकडे पाहुणा म्हणून आला होता. नीट वागला नाही."

"पण जिंकला!"

मला वाटलं, आता तासाभराचं व्याख्यान. हे नुसते म्हणाले, "हो. तसं दिसतंय खरं."

इतकी वर्षं यांचा पोरस ऐकून माझे कान किटले होते. पण तो असा एका वाक्यात हरलेला मला बघवेना. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी विचारलं, "हे नाणं पाडलं कुणी?"

"अलेक्झांडरनं! आणखी कुणी?"

"मग बरोबर आहे. आमच्याकडे लग्नाचा फोटोवाला मुलाकडच्यांचा असला, की मुलीकडचे सगळे डोळे मिटलेलेच निघतात."

दोघंही हसले. बहुधा त्या दिवशी त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं असावं. बाहेर पायऱ्यांवर मी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. "आमच्याकडेही असंच तळतात," आजोबा म्हणाले. "ते आमचं आहे," गवंडी म्हणाला, आणि पुन्हा जुंपली. हे मात्र पुरी हातात धरून बसले होते.

परतीच्या ट्रेनमध्ये यांनी विचारलं, "आता मुलांना काय सांगू?"

"कुठल्या मुलांना? तुमची मुलं आता सासरे व्हायला आली."

"तरीपण. खोटं शिकवलं मी." तो चेहरा मी यांच्या वडिलांच्या दहाव्यालाही पाहिला नव्हता.

साताऱ्याला परतल्यावर ज्येष्ठ नागरिक संघानं यांचं व्याख्यान ठेवलं. जुने विद्यार्थी शाल-श्रीफळ घेऊन पहिल्या रांगेत. घरून निघताना हे म्हणाले होते, "आज खरं ते सांगणार." आणि सांगितलंही. घसा साफ करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "मी ते नाणं या डोळ्यांनी पाहिलं. त्यावर हत्ती पुढे आहे आणि घोडेस्वार मागे!"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी ओरडलं, "पोरस महाराज की जय!" हत्ती पुढे म्हणजे हत्तीच जिंकला, याबद्दल कुणाला शंका नव्हती. यांनी हात वर केला, "अहो, ऐका तरी, पुढे म्हणजे..." तोवर गळ्यात हार पडला, त्यावर दुसरा पडला आणि तोंड झेंडूंत बुडालं.

घरी येताना रिक्षात हे म्हणाले, "मी खरं बोललो, हे तू तरी ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी म्हटलं आणि यांच्या मिशीत अडकलेली झेंडूची पाकळी काढली.