पंप कोणाच्या नावावर

घुग्घुसहून आलेले ट्रक मूलच्या वीटभट्ट्यांवर कोळसा उतरवायचे आणि परत जाताना इथल्या राइस मिलमधून तांदूळ भरायचे. मध्ये ते धुवावेच लागत. नाहीतर पोती काळी होत आणि घेणारा ती परत पाठवी. हे धुण्याचं काम माझ्या मायचं होतं. उमा नदीच्या उतारावर ती आणि तिच्या सोबतच्या चार बाया बादल्या आणि काथ्याचे ब्रश घेऊन ट्रकवर चढत. बाप गेल्यानंतर हे काम तिनं स्वतः उभं केलं होतं. कोणी हातात आणून दिलं नव्हतं. ड्रायव्हर त्या जागेला ‘बाईचा घाट’ म्हणत.

बाप राइस मिलमध्ये कामगार होता आणि संघटनेत होता. येताना पत्रकं आणायचा. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती वाचली. माझ्या तोंडी मोठी वाक्यं फार लवकर आली, आणि ती खरी आहेत असं मी मानत आले. आजही मानते.

दसऱ्याच्या सुमारास ट्रकांचा ठेकेदार घाटावर आला.

“बाई, तुमचं धुणं चोख आहे. पन माझे ट्रक अर्धा दिवस इथीच उभे राह्यतात. चांद्यात मशीन पाह्यलं मी. पान्याची अशी धार मारते का कोळसा पळतच सुटते! तसं आना, सगळे ट्रक तुमचे. नाई त मले दुसरा पाहा लागन.”

“मशीन आनलं त भाव तोच राह्यन ना?” मायनं विचारलं.

“पहिले आना त! मशीनच्या आधी भाव करून राह्यली बाई.” तो हसला, पण भाव तोच ठेवतो असं म्हणूनच गेला.

पंपाचे दोन पर्याय होते. एका ड्रायव्हरच्या ओळखीनं नागपूरला एका भंगारवाल्याकडे लष्कराच्या लिलावातला आग विझवायचा पंप मिळत होता, रॉकेलच्या इंजिनासकट. दुसरा चांद्याला एका मुसलमान हार्डवेअरवाल्याच्या दुकानात, कोरा. त्याची किंमत पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. मायची साठवण कोऱ्या पंपाला जेमतेम पुरणार होती. माझा काका, म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, बाजारात किराणा विकायचा. तो म्हणाला, “वहिनी, स्वस्त घ्या. लोखंड ते लोखंड.” माय दुसऱ्या दिवशी मला घेऊन चांद्याला निघाली.

दुकानात तिनं पंपाला हातही लावला नाही. खाली बसली आणि विचारत सुटली. बिघडला तर कोण येईल? किती दिवसांत? तोवर माझे ट्रक कोण धुवेल?

दुकानदार म्हातारा होता. त्यानं एक डबा उघडून चामड्याचे वायसर तिच्या पुढ्यात ओतले. “हे पाहा बाई. सगळे याच पंपाचे. चिठ्ठी पाठवा, माझा मिस्त्री दुसऱ्या दिवसाच्या छोट्या रेल्वेगाडीनं मूलले उतरन. पंप इथी आनावा लागला, त तोवर दुकानातला देतो. माल विकून मी मोकळा होत नाई.”

“आनि रेती गेली आत त?”

“रेती त जाईनच! नदीचं पानी आहे, गुलाबपानी थोडी आहे?”

माय हसली. बाप गेल्यानंतर तिला परक्या माणसासमोर तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग तिनं भावावर घासाघीस केली, त्यानं थोडं सोडलं, तिनं आणखी थोडं सोडवून घेतलं. तिनं कमरेचा बटवा काढला तेव्हा त्यानं कागद पुढे ओढला.

“नाव कोनाचं लिहू? घरच्या मानसाचं सांगा. दीर आहेत ना?”

“पंप माह्या मायचा आहे,” मी म्हणाले.

तो चिडला नाही. म्हणाला, “बेटी, मागे एका विधवा बाईले शिलाई मशीन देलं होतं मी, तिच्याच नावानं. तिचा दीर आला, मशीन उचलून घेऊन गेला, वरून माह्याशीच भांडला. तवापासून हमीच्या कागदावर मी मानसाची सही घेतो. सही फक्त. पंप तुमचाच.”

माणसाची सही! म्हणजे समोर बसलेली कोण होती? माझ्या आत वाचलेलं सगळं एकदम पेटलं. मी उभी राहिले. पैसा बाईचा, घाम बाईचा, आणि नाव दिराचं? एका दिरानं चोरी केली म्हणून शिक्षा सगळ्या बायांना? मी आणखीही बोलले. दुकानात गिऱ्हाइकं होती, ती ऐकत थांबली. एक जण म्हणाला, “पोट्टी वकील होईन बाप्पा!” शेवटी मी म्हणाले, “मायच्या नावावर मिळत नसेल तर आम्हाला हा पंप नको.”

दुकानदारानं मायकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिनं सांडलेले वायसर गोळा करून डब्यात टाकले, झाकण लावलं, बटवा कमरेला खोचला. “चाल,” म्हणाली. चार लोकांत तिनं माझी बाजू घेतली. गाडीत मी तापलेलीच होते. ती खिडकीबाहेर पाहत होती, आणि मला वाटलं, तिलाही माझ्यासारखाच अभिमान वाटतो आहे.

नागपूरचा पंप आला. भंगारवाल्यानं नाव विचारलंच नाही. उरलेल्या पैशातून मायनं उताराला दगड लावून घेतले. पंप चालला, आणि चांगला चालला. बाया चिंब भिजून हसायच्या, नळी धरायला एकमेकींशी भांडायच्या. माझं बरोबर होतं याचा तो पुरावाच होता.

पौषात, तांदळाचा हंगाम ऐन भरात असताना, धार एकाएकी मेली. आतली वायसरची चामडी फाटली होती, आणि जिच्यावर ती बसते ती पितळी बैठक रेतीनं खाऊन टाकली होती. माय ते भाग सोडवून सोबत घेऊन नागपूरला गेली. भंगारवाला म्हणाला, “बाई, मी पंप विकला, दत्तक नाई घेतला.” परत येताना ती चांद्याला उतरली, त्याच दुकानात. म्हाताऱ्यानं तिला पाणी दिलं, डब्यातले सगळे वायसर लावून पाहिले, मिस्त्रीलाही बोलावलं. एकही बसला नाही. “हा माल आपल्याकडचा नाई बाई,” तो म्हणाला. हे सगळं मायनंच मला नंतर सांगितलं.

बादल्या परत निघाल्या. ठेकेदारानं आठवडाभर वाट पाहिली आणि मग उघडच सांगितलं की तो दुसरा माणूस बोलावतो आहे. तेव्हा माय काकाकडे गेली. कोऱ्या पंपाचे अर्धे पैसे काकानं घातले. चांद्याला जाऊन कागदावर सहीही त्यानंच केली. दुकानातला प्रश्न तोच होता, पण आता त्याचं उत्तर खरं झालं होतं. दसऱ्याला ती सही नुसती शाई ठरली असती. आता पंप अर्धा त्याचा होता.

काका वाईट माणूस नाही. मायचा हिस्सा तो वेळेवर देतो. पण पैसे घालणारा माणूस घाटावर येऊन बसतोच. पंपाचं इंजिन रोज घाटावर ओढून आणायला त्यानं दोन गडी ठेवले. मग नळीही त्यांच्याच हातात गेली, आणि चारपैकी दोन बायांना घरी बसावं लागलं. म्हाताऱ्याचा मिस्त्री मात्र बोलल्याप्रमाणे दोनदा आला, दुसऱ्याच दिवशी.

परवा मी घाटावर होते. माय धुतलेल्या हौद्यात वाकून, कोपऱ्यातून हात फिरवून पाहत होती. ठेकेदाराचा मुनीम आला आणि त्यानं तिला काकाबद्दल विचारलं, “भाऊ कुठी गेले? उद्याचे ट्रक सांगाचे होते.”

“मले सांगा ना,” माय म्हणाली.

“नाई, भाऊलेच सांगतो.” तो झाडाखाली जाऊन बसला.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मायनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मी ते गिळलं. काका येईपर्यंत मुनीम तिथंच बसून राहिला.

रात्री जेवताना मी विचारलं, “माय, त्या दिवशी दुकानात मी बोलले, ते चूक होतं का?”

“नाई. खरंच बोलली तू.”

“मग तू मला थांबवलं का नाहीस?”

“काऊन थांबवू? तुह्या बापासारखी उभी होती. मले बरं वाटलं.” तिनं माझ्या ताटात भात वाढला. “पन पोरी, पैसे माहे होते. नाव माहं होतं. ते सोडाचं का धराचं, हे तू एकडाव मले इचाराले पायजे होतं.”