एकच जेरीकॅन

सैन्यातल्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या शेवटच्या वर्षी माझं पोस्टिंग दिल्ली कँटमधल्या एका सप्लाय युनिटमध्ये होतं. सकाळी सहाला पीटी. धावणं, पुल-अप्स आणि शेवटी पाण्यानं भरलेले जेरीकॅन घेऊन साइड बेंड्स.

व्यायाम वाईट नाही. एका हातात वजन घेऊन सरळ बाजूला वाकलं की दुसऱ्या कुशीचे स्नायू शरीराला ओढून उभं करतात. चढावर एका बाजूनं स्ट्रेचर धरताना तेच कामी येतात. पोट मात्र त्यानं कमी होत नाही. आणि पुढे झुकून झटका दिला, तर मणक्यातली चकती दुखावू शकते.

आमच्याकडे दोन्ही हातांत एकेक कॅन घ्यायची पद्धत होती. दोन वजनं एकमेकांना तोलतात. कुशीला काम उरत नाही, पाठीवर भार मात्र दुप्पट. पीटी घेणाऱ्या हवालदार उस्तादांना मी हे सांगितलं.

"मॅडम, आधा काम फौजी नहीं करता."

कंपनी कमांडरना सांगितलं.

"अच्छा, देखते हैं."

पाहिलं कोणीच नाही.

फक्त लान्स नाईक कदम एकच कॅन घेई. साताऱ्याचा, माझ्यासारखाच अबोल. सांगलीचा नाईक माने त्याला रोज छळायचा.

"कदम, दुसरा कॅन बायकोला दिलास काय?"

"मॅडमनी सांगितलंय."

"मॅडम इंग्लिश शाळेतल्या. आपण झेडपीचे!"

मी चार पावलांवर उभी असे. सगळे हसत.

सीमेवरच्या बर्फाळ पोस्टवर जाणाऱ्या तुकडीत मानेचं नाव होतं. तिथून परतला की हवालदारकी. निघायच्या आदल्या सकाळी, शिट्टीच्या वेगावर वाकताना तो वाकलेलाच राहिला. दोन्ही कॅन सुटले.

"माने, कुठे दुखतंय?"

"कुठं न्हाई, मॅडम. जरा धरलंय."

"डावा पाय हलवा."

पाय हलला नाही.

"स्ट्रेचर आणा."

"नको मॅडम, अनफिट म्हणून मेडिकल कॅटेगरी लावतील. हवालदार व्हायचा न्हाई मी. पाया पडतो."

"आधी उभे तर राहा."

त्याला उभं राहता आलं नाही. कमांडर आले.

"इसकी जगह कौन? सबसे फिट?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "कदम, साब."

दुसऱ्या दिवशी गाडीत चढणाऱ्या कदमला मी विचारलं, "पाठ ठीक?"

"एकदम, मॅडम. तुमच्यामुळं."

त्या आठवड्यात मी पुन्हा सांगितलं. पुन्हा 'देखते हैं'. पीटीला दोन-दोन कॅन तसेच चालू राहिले. नाईक मानेला कॅटेगरी लागली, हवालदारकी गेली.

थंडीच्या शेवटी अ‍ॅडज्युटंटनं फोन खाली ठेवला.

"पोस्टवर हिमस्खलन. एक जवान गेला."

"नाव?"

"कदम."

आता मी मयूर विहारला घरी असते. सोसायटीच्या पार्कात लोक कंबर बारीक करायला दोन्ही हातांत डंबेल घेऊन वाकतात. मी फौजेत होते हे कळल्यावर विचारायलाही येतात. मी सांगते, एकच घ्या, सावकाश. "अरे यार, एकानं काय होणार?" म्हणत ते दुसरं उचलतात.

लान्स नाईक कदम एकच उचलायचा. आधी उजवीकडे, मग तेवढंच डावीकडे. गुडघे सरळ, नजर समोर. हसणाऱ्यांकडे त्यानं कधी पाहिलं नाही.