ए विंगच्या खिडकीखालचे दोन निळे ड्रम

भाजीच्या सालांचं कसं असतं माहितीय? रोज मूठभरच निघतात, आणि महिन्याने बघावं तर डोंगर! आमच्या प्रोजेक्टच्या किश्शांचं सेम तेच झालंय. कोणाला तरी सांगायलाच पाहिजेत यार, नाहीतर पोट फुटेल.

तर सीन असा. आमच्या कॉलेजचं बॉटनी डिपार्टमेंट आणि मुलुंडची एक सोसायटी, बत्तीस घरं. ओला कचरा त्यांचा, मेहनत आमची, खत गच्चीवरच्या बागेला. फक्त चेअरमन काकांची एक अट होती. "तक्रारवहीत कंपोस्टबद्दल एक जरी तक्रार आली, तरी वार्षिक सभेत ड्रम बाहेर!"

आणि ड्रम ठेवायला जागा कुठे मिळाली? ए विंग, तळमजला, सावंत काकूंच्या किचनच्या खिडकीखाली. वॉचमनने मला ती वही दाखवली. निम्मी पानं काकूंनीच भरलेली! एक तक्रार तर कावळ्याविरुद्ध होती.

"ऋचा," माझा पार्टनर रोहन म्हणाला, "वाट लागली."

*

पहिल्या दिवशी कचरा गोळा करायला गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी स्टीलचा डबा हातात दिला. उघडला तर आत मटारची सालं. धुतलेली, पुसलेली, एकावर एक रचलेली!

"आजी, हा कचरा आहे ना?"

"अगं, कॉलेजची मुलं बघणार! बरं दिसतं का तसंच दिलेलं? आणि डबा परत आण हं. झाकणासकट!"

*

तिसऱ्या आठवड्यात ड्रममधून वास यायला लागला. कॉलेजच्या मॅडमनी दिलेला ओलावा मोजायचा मीटर म्हणत होता, सगळं ओके. आम्ही मीटरवर विश्वास ठेवून उभे. तेवढ्यात सावंत काकू आल्या. मॅक्सीवर ओढणी, हातात पेन! वहीकडेच निघालेल्या.

वाटेत थांबल्या. ड्रममध्ये डोकावल्या. पेन कानामागे खोचलं, थेट हात घातला आणि मूठ दाबली. बोटांतून पाणी टपटप!

"गो बाय, ह्येचो लाडू कसो वळतलो? सुको पालो घाल आधी!"

आम्ही पोतंभर सुका पाला घातला. चार दिवसांनी काकूंनी पुन्हा मूठ दाबली. लाडू झकास वळला, हात कोरडा. वास गायब! पेन मात्र कानामागेच होतं, त्यामुळे आमची धाकधूक काही गेली नाही.

*

प्रॅक्टिकलच्या वायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "ओलावा कसा तपासलात?"

"सर, सावंत टेस्ट."

सरांनी मान डोलावली, कागदावर लिहूनही घेतलं. मग हळूच म्हणाले, "ही कुठल्या देशातली?"

"ए विंग, तळमजला, सर!"

*

गच्चीवर मिरच्या लागल्या! मोजून अकरा. घरं बत्तीस! कोणी म्हणे चिठ्ठ्या टाका, कोणी म्हणे उरलेल्या एकवीस घरांना पुढच्या खेपेला. चेअरमन काका तर कमिटी नेमायला निघाले.

"कमिटी कसली रे नेमतोस!" काकू त्यांच्यावर ओरडल्या, अकराच्या अकरा मिरच्या ओढणीत घेतल्या आणि खाली गेल्या. तासाभराने पातेलंभर ठेचा आला, लसूण-शेंगदाण्यांत वाढवलेला. बत्तीस घरं वाट्या घेऊन लायनीत!

चेअरमन काकांनी बोटभर चाटला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "खताला वास नाही," ते कसेबसे म्हणाले, "पण जाळ आहे!"

*

मग आली वार्षिक सभा. आम्ही दोघं शहाणे, आदल्या दिवशी ठरवलं की उगाच रिस्क नको. काकूंना शेवटच्या क्षणी काही खटकायला नको म्हणून दोन्ही ड्रम ढकलत ढकलत बी विंगच्या मागे नेऊन ठेवले.

सभेत चेअरमन काकांनी तक्रारवही उघडली. पानं उलटली. थांबले.

"एक तक्रार आहे. कंपोस्टबद्दलच. कालची."

रोहनने माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"फ्लॅट नंबर एक. सौ. सावंत."

मी मागे वळून बघितलं. काकू समोर बघत ताठ बसलेल्या, पेन कानामागे. चेअरमन काकांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"'माझ्या खिडकीखालचे दोन निळे ड्रम मला न विचारता बी विंगकडे नेले आहेत. आजच्या आज जागेवर आणून ठेवावेत. झाकणासकट.'"